सोड्याच्या गोळ्या, अल्कलाइन मशीन आणि सासऱ्यांचं 17 वर अडकलेलं बायकार्बोनेट

रत्नागिरी जिल्ह्यातून एका सूनबाईंनी लिहिलेलं पत्र, थोडक्यात:

"माझे सासरे 64 वर्षांचे, वजन 60 किलो, अठरा वर्षांपासून मधुमेह. गेल्या महिन्यातला रिपोर्ट: क्रिएटिनिन 2.8, सोडियम 138, पोटॅशियम 5.4, क्लोराइड 110, बायकार्बोनेट 17. किडनीच्या डॉक्टरांनी 'रक्तात आम्ल साठतंय' म्हणून 500 मिलिग्रॅमच्या सोड्याच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा सांगितल्या. आधीपासून रक्तदाबाची टेल्मिसार्टन 40 आहे. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिन 500 दोन वेळा चालू आहे आणि आता डापाग्लिफ्लोझिन 10 सुरू झालंय. गोळ्यांनी ढेकर येतात, पोट फुगतं म्हणून ते अर्धीच गोळी घेतात. नणंदेने लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्या, त्यावर रोज 5.5 येतं. मशीन विकणारा म्हणतो की शरीर आम्लधर्मी झाल्याचा हा पुरावा आहे. 9 पीएचचं अल्कलाइन पाणी प्या, सोड्याच्या गोळ्या बंद करा. शेजारचे सांगतात, गोळीपेक्षा लिंबूपाण्यात खायचा सोडा घाला आणि रोज एक शहाळं द्या. सासरे एकादशी निर्जळी करतात. पायावर संध्याकाळी सूज येते. काय करू?"

ताई, पत्रात आकडे दिलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे नेमकं बोलता येतं. सगळ्यात आधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. 64 वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन 2.8 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून छापतात ती, साधारण 24 च्या आसपास येते. 30 च्या खाली मेटफॉर्मिन देऊ नये, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं. ते साठलं आणि त्यात जुलाब-उलटी किंवा मोठा संसर्ग झाला, तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जीवावर बेतू शकतं. दोन डॉक्टरांकडची औषधं दोन चिठ्ठ्यांवर असली की अशी गोष्ट नजरेतून सुटते. किडनीच्या डॉक्टरांना आजच फोन करा, सगळ्या औषधांची यादी एकत्र वाचून दाखवा आणि मेटफॉर्मिनबद्दल थेट विचारा. ती बंद केल्यावर साखर वाढेल, त्यासाठी पर्यायी औषध तेच सुचवतील.

आता आम्लाचं. पीएच हे आम्लपणाचं माप: आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, आकडा जितका मोठा तितका अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकाव. धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 यांच्यामध्ये राहतो. 7.4 पीएच म्हणजे एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन (आम्लपणा देणारे कण) फक्त 40 नॅनोमोल. पीएच 7.1 वर घसरला तर हाच आकडा दुप्पट होतो, म्हणून दशांश चिन्हानंतरचा छोटा फरकही मोठा असतो. एवढी काटेकोर पातळी शरीर सांभाळतं, आणि तेही रोज आम्लाचा प्रचंड लोंढा अंगावर घेऊन. पेशी दिवसाला 15,000 मिलिमोलच्या (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास कार्बन डायऑक्साइड तयार करतात. तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतो, पण फुप्फुसं तो श्वासावाटे बाहेर टाकतात, त्यामुळे हिशेब लगेच मिटतो. दुसरं आम्ल असं उडून जाणारं नसतं. प्रथिनांतल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं, थोडं फॉस्फेटचं असतं. त्याचं माप वजनाच्या दर किलोला साधारण 1 मिलिमोल. म्हणजे सासऱ्यांच्या अंगात रोज 60 मिलिमोलच्या आसपास असं आम्ल तयार होतं, आणि ते फक्त किडनीलाच बाहेर टाकता येतं.

हे आम्ल तयार झाल्या क्षणी त्याला पकडतं ते रक्तातलं बायकार्बोनेट. हिमोग्लोबिन, इतर प्रथिनं आणि हाडंही हातभार लावतात. आम्ल पकडताना बायकार्बोनेट खर्च होतं. 60 किलोच्या माणसाच्या रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात मिळून ते सुमारे 290 मिलिमोल असतं. रोज 60 खर्च झाले आणि भरपाई झाली नाही, तर पाच दिवसांत साठा संपेल. तसं होत नाही, कारण किडनी दोन कामं करते. गाळलेल्या 180 लिटर द्रवाबरोबर रोज 4,300 मिलिमोल बायकार्बोनेट गाळणीतून खाली उतरतं, ते ती जवळजवळ सगळं परत ओढून घेते. आणि खर्च झालेलं नव्याने बनवते. नवं बनवण्याची रीत अशी: ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लापासून किडनीच्या नलिका अमोनिया तयार करतात, हा अमोनिया आम्लाला बांधून अमोनियमच्या रूपात लघवीत जातो, आणि त्या प्रत्येक अमोनियममागे रक्तात एक नवं बायकार्बोनेट जमा होतं. निरोगी किडनी रोज 40 मिलिमोलच्या आसपास अमोनियम टाकते, आणि आम्ल वाढलं की काही दिवसांत 200 च्याही वर जाते. सासऱ्यांच्या किडनीत काम करणाऱ्या नलिकाच कमी उरल्यात. त्यामुळे ही वाढ जमत नाही, रोज थोडी तूट राहते आणि आकडा 24 वरून 17 वर येऊन थांबतो.

म्हणून ही गोळी. तिने रोग बरा होत नाही. किडनी जे बायकार्बोनेट बनवू शकत नाही, ते तोंडाने भरून देणं एवढंच तिचं काम. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेमतेम 6 मिलिमोल बायकार्बोनेट असतं. तीन गोळ्यांचे 18. अर्धी-अर्धी घेतली तर 9. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला डोस आधीच बेताचा आहे आणि त्याचा निम्माच पोटात जातोय. पुढच्या तपासणीत आकडा 17 च आला, तर 'गोळी लागू पडत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल आणि डोस वाढेल. सासरे खरोखर किती घेतात हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

ढेकरांवर उपाय आहे. पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी एक गोळी पूर्ण मिसळली की 150 मिलिलिटरच्या आसपास वायू सुटतो. भरल्या पोटी दोन-तीन एकदम घेतल्या तर पोट फुगणारच. एका वेळी एकच घ्यावी, जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर; दिवसभरात सारख्या अंतराने. लोहाची आणि इतर गोळ्या दोन तास मागेपुढे ठेवाव्यात. कोणाला वाटेल की पोटातच फसफसून गेलेला सोडा वाया गेला. तसं नाही. जठर जेवढं आम्ल पोटात सोडतं, तेवढंच बायकार्बोनेट ते दुसऱ्या बाजूने रक्तात देतं, त्यामुळे हिशेब जुळतो. एवढं करूनही त्रास झाला तर आतड्यात विरघळणारं कॅप्सूल मिळतं का, हे डॉक्टरांना विचारता येईल. मनाने डोस निम्मा करण्यापेक्षा ते बरं.

लिंबूपाण्यातला सोडा मात्र नको. रसायन म्हणून तो कुचकामी नाही. लिंबाच्या आम्लाबरोबर त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि यकृत त्याचं पुन्हा बायकार्बोनेट करतं. अडचण मापाची आहे. सपाट एक चमचा खायचा सोडा म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा गोळ्या एकदम आणि 1,300 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम. हात थोडा सैल पडला की दुप्पट. पायावर सूज असलेल्या, किडनी अशक्त झालेल्या माणसाला हे झेपणारं नाही. बाजारातली फसफसणारी चूर्णंही याच कारणाने टाळावीत. गोळ्यांतही सोडियम आहेच: तीन गोळ्यांत 410 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे एक ग्रॅम मिठात असतं तेवढं. तेवढं मीठ दुसरीकडून कमी करा. तुमच्याकडे सुकट, खारवलेले मासे, पापड, लोणचं यांत ते सहज सापडेल. 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

शहाळ्याबद्दल ठाम नकार. सासऱ्यांचं पोटॅशियम आत्ताच 5.4 आहे, टेल्मिसार्टन ते आणखी वर ढकलतं, आणि रक्तातलं वाढलेलं आम्लही पोटॅशियम चढायला मदत करतं. एका चांगल्या शहाळ्यात 600 मिलिग्रॅमच्या पुढे पोटॅशियम सहज असतं. पोटॅशियम साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका. किडनी टिकवण्यासाठीच ते दिलेलं असतं.

आता ते मशीन. विक्रेत्याचा आकडा मान्य करून हिशेब करू. 9 पीएचच्या एक लिटर पाण्यात हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे आम्ल मारणारे कण, 0.01 मिलिमोल असतात. रोजचं 60 मिलिमोल आम्ल त्या आकड्याच्या जोरावर मारायचं तर 6,000 लिटर पाणी प्यावं लागेल. विहिरीच्या कठीण पाण्यात निसर्गतः विरघळलेलं बायकार्बोनेट याच्या कित्येक पट जास्त असतं, आणि ते काही मशीन तयार करत नाही. शिवाय जठरातल्या आम्लाचा पीएच जेवणाच्या आधी 1.5 ते 3.5 असतो, पाण्याचा 9 तिथे पहिल्या घोटातच संपतो. मशीन घेऊ नका. आणि ज्याने ते विकताना डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायला सांगितलं, त्याचा आरोग्याबद्दलचा दुसरा कोणताही सल्ला ऐकू नका.

पट्टीवरचा 5.5 हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो उलटा वाचला जातोय. लघवीचा पीएच 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो. लघवी आम्लधर्मी येणं याचा अर्थ किडनी आम्ल बाहेर टाकतेय. रक्तात आम्ल साठलेलं असताना लघवी 6.5 किंवा 7 येत असती, तर काळजी जास्त होती. नलिकांचा एक वेगळा आजार तसा असतो. पण 5.5 वरून सगळं ठीक आहे असंही म्हणता येत नाही. अगदी 4.5 पीएचच्या लघवीतही मोकळे हायड्रोजन आयन लिटरला 0.03 मिलिमोलच असतात. बाकी सगळं आम्ल अमोनियम आणि फॉस्फेटला बांधून जातं, आणि पट्टीला ते दिसतच नाही. सासऱ्यांच्या किडनीत उरलेल्या नलिका लघवी आम्लधर्मी करू शकतात, कमी पडतोय तो अमोनिया. त्यामुळे पट्ट्या या बाबतीत निरुपयोगी आहेत, पैसे वाचवा.

रिपोर्टमध्ये आणखी एक उपयोगी माहिती दडलेली आहे. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा: 138 वजा 110 वजा 17, उरले 11. याला ॲनायन गॅप म्हणतात आणि तो साधारण 8 ते 12 असतो. कीटोन किंवा लॅक्टिक आम्ल साठलं असतं तर हा आकडा वाढला असता. तपासणीच्या दिवशी तसं काही दिसत नव्हतं, ही समाधानाची बाब. मात्र रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर गॅप खोटा कमी दिसतो. 4 च्या खाली दर 1 ग्रॅमला अडीच मिळवायचे. म्हणून अल्ब्युमिनचा आकडाही यादीत असू द्या.

फक्त बायकार्बोनेटवरून रक्त आम्लधर्मी आहे असं ठरवणंही काही वेळा फसवं ठरतं. कोणी सतत जोरात श्वास घेत असेल तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि किडनी बायकार्बोनेट मुद्दाम कमी करते. तिथे आकडा कमी पण रक्त अल्कलीकडे झुकलेलं असतं. याच्या उलट चूक 1952 मध्ये कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत झाली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं, आणि ते अल्कली वाढल्याचं लक्षण मानलं गेलं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी दाखवून दिलं की हे रुग्ण कार्बन डायऑक्साइड साठून मरत आहेत. मग गळ्यातून नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांकरवी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून, रुग्णांना दिवसरात्र श्वास दिला गेला आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट एकत्र पाहायचे, ही सवय डॉक्टरांना त्यानंतर लागली. सासऱ्यांच्या बाबतीत किडनीचा आजार, वाढलेलं क्लोराइड आणि सामान्य गॅप हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, त्यामुळे निदान पटण्याजोगं आहे. दम लागत असेल किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन खात्री करतील.

17 बायकार्बोनेटला शरीर श्वास थोडा खोल करून तोंड देतं. कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा याचं सूत्र आहे: बायकार्बोनेटची दीडपट अधिक 8. इथे तो 33 च्या आसपास येतो, म्हणजे पीएच 7.32-7.33. फुप्फुसांनी साथ दिली नसती आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा 40 राहिला असता, तर पीएच 7.25 झाला असता. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की त्यांच्या फुप्फुसांकडे फारशी उसंत उरलेली नाही. न्यूमोनिया झाला, किंवा झोपेची गोळी जास्त झाली, तर तोल पटकन जाईल. झोपेची किंवा गुंगीची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

गोळी घेऊन नेमकं काय साधतं, हेही सांगायला हवं. आम्ल साठून राहिलं की स्नायूंतली प्रथिनं झिजतात, हाडांतून कॅल्शियम निघतं, पोटॅशियम चढतं. 2009 साली लंडनमधल्या 134 रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचं बायकार्बोनेट 16 ते 20 होतं, त्यांच्यात सोडा घेणाऱ्यांची किडनी दोन वर्षांत हळू खालावली. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या साठीच्या पुढच्या 300 रुग्णांत मात्र गोळीने उठण्या-चालण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. तेव्हा आठवड्याभरात अंगात जोर येईल अशी अपेक्षा सासऱ्यांना देऊ नका. तशी अपेक्षा मोडली की माणूस गोळी सोडतो. आकडा 22 च्या आसपास आणून तिथे ठेवणं हे पुरेसं उद्दिष्ट आहे. 26 च्या वर नेण्यात फायदा नाही, पाणी मात्र साठतं.

जेवणात आंबट चवीला घाबरू नका. कोकमाच्या सारातलं किंवा लिंबातलं आम्ल शरीर जाळून टाकतं, ते किडनीवर येत नाही. किडनीवर येतं ते मासे, मटण, अंडी यांच्या प्रथिनांतलं, आणि काही प्रमाणात धान्य-डाळींतलं. म्हणून प्रथिनं एकदम तोडायची नाहीत. 60 किलो वजनाला दिवसाला 48 ग्रॅमच्या आसपास ठेवतात. माशाचा एक छोटा तुकडा रोज चालेल, दोन्ही वेळा भरून नको. दुधी, पडवळ, दोडका, कोबी या भाज्या वाढवा. त्यांतून आम्लाचा भार कमी होतो. चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियमही उतरतं. पालक, बटाटा, टोमॅटो, केळं, आणि नारळाचं दूध घालून केलेली सोलकढी रोज नको.

एकादशी. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना निर्जळी उपास धोक्याचा आहे. हे औषध लघवीतून साखर बाहेर टाकतं. खाणं थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन साठू शकतात. घरातल्या यंत्रावर साखर 180-200 च दिसते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. मळमळ, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, गुंगी यांतलं काही दिसलं तर साखर किती आहे याची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि हे औषध चालू असल्याचं सांगा. सासऱ्यांना उपास करायचाच असेल तर डॉक्टरांशी ठरवून, पाणी आणि थोडं खाणं ठेवून करावा. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी हे औषध थांबवतात, तेही लक्षात असू द्या.

जुलाब किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डापाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन किती दिवस थांबवायचं ते विचारा. जुलाबातून बायकार्बोनेट थेट वाहून जातं. 17 असलेल्या माणसाला ती घसरण परवडत नाही. ओआरएसच्या पाकिटात सायट्रेट असतं, ते यकृतात बायकार्बोनेट होतं. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसतं. पण त्या पाकिटात पोटॅशियमही असतं, म्हणून किती द्यायचं हे डॉक्टरांकडूनच घ्या.

पूर्ण डोस सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बायकार्बोनेट, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासा. गावातल्या केंद्रात रक्त देणार असाल तर नळी पूर्ण भरलेली, बूच घट्ट लावलेली असावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावी. उघडी किंवा अर्धवट भरलेली नळी दिवसभर पडून राहिली तर बायकार्बोनेट खरं असतं त्यापेक्षा कमी येतं आणि विनाकारण डोस वाढतो. रक्त देताना मूठ वारंवार आवळायची नाही, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन रोज लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, सूज गुडघ्याकडे चढली, किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर गोळ्यांच्या पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना दाखवा.